घरी वापरून बघायचा नमुना

धाकटे,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. मिळाले की ठेवून घे. मागच्या खेपेसारखी "मला कशाला, तुलाच जास्त गरज आहे" अशी मखलाशी करून परत पाठवू नकोस. आशीर्वाद पाण्यासारखे असतात, वरून खाली येतात. खालून वर चढवायचे तर पंप लागतो. तुझे गुडघे, तुझ्या गॅलरीतल्या कुंड्या आणि तुझा तो उर्मट पोपट यांची प्रकृती कशी आहे ते सविस्तर कळव. (तुझी स्वतःची विचारत नाही. "मला काय धाड भरलीय" हे उत्तर मला पाठ आहे.) माझी म्हणशील तर उत्तम. जखम भरली, भूक लागते, केस परत आले. आले ते पूर्वीपेक्षा दाट आणि चक्क कुरळे, त्यामुळे मागून पाहिलं तर घरात कुणी परकी बाई वावरते आहे असं वाटतं, असं तुझे भावोजी म्हणतात. पुढून पाहिलं तर काय वाटतं ते ते सांगत नाहीत. संसार उगाच टिकत नाही.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. माझं ऑपरेशन झालं तेव्हाच डॉक्टरांनी बजावलं होतं की हा रोग घराण्यातून येऊ शकतो, सख्ख्या बहिणीने तपासून घेतलंच पाहिजे. मी तुला कळवलं, तू "बघू" म्हणालीस. त्यानंतर मी विषय काढला की तू फोन ठेवतेस (एकदा तर तो पोपटाच्या तोंडाशी धरलास आणि मी बराच वेळ त्याला समजावत राहिले). तर या पत्रात तुझ्या तपासणीबद्दल मी अवाक्षर काढणार नाही. शब्द देते. हे पत्र फक्त माझ्या डाव्या बाजूविषयी आहे, निर्धास्तपणे वाच.

विषय असा, की डाव्या बाजूला नवा स्तन बसवून घ्यायचं मी ठरवलं आहे. दचकू नकोस, आणि पोपटासमोर मोठ्याने वाचू नकोस, तो खालच्या मजल्यापर्यंत पोचवेल. या वयात हा काय चळ, असं तुझ्या मनात येणारच, म्हणून कारण सांगते. जन्मभर मी वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दोन पारडी एका रेषेत आहेत की नाहीत हे बघण्यात हयात गेली, आणि आता माझंच एक पारडं रिकामं. पिशवीचा पट्टा घसरतो, खांदा एकीकडे कलतो, कोट डावीकडून शिडासारखा फडफडतो. हे झालं लोकांना सांगायचं कारण. तुला खरं सांगते. मला कुणाला काही दाखवायचं नाही. आंघोळ करून आरशासमोरून जाताना मी मान वळवते. ती वळवावी लागू नये, एवढंच.

सर्जन तरुण आहे. हात स्वच्छ, नखं कापलेली, भिंतीवरची प्रमाणपत्रं सरळ रेषेत. नापास करावं असं प्रथमदर्शनी काही सापडलं नाही. पहिल्या वाक्यात त्याने मला काकू म्हटलं आणि दुसऱ्या वाक्यात 'नॅचरल लूक' म्हणाला. मी विचारलं, कोणत्या वयाचा नॅचरल? तो हसला. मी हसले नाही, त्यामुळे तोही थांबला. मग छातीची रुंदी मोजायला त्याने कंपाससारखं एक यंत्र काढलं. मी ते त्याच्या हातातून घेतलं, दोन्ही टोकं जुळवली आणि काटा शून्यावर येतो का ते पाहिलं. येत नव्हता. त्या क्षणी मी काकूची मॅडम झाले.

पुढे मात्र त्याने नीट समजावून सांगितलं, आणि खोटं कशाला बोलू, पोरगा कामात पक्का आहे. बायका येतात त्या मिलिलिटरमध्येच बोलतात, म्हणाला, जणू दूध घ्यायला आल्यात. पण मूळ माप छातीच्या रुंदीचं. त्या रुंदीपेक्षा मोठं बसवलं की कड काखेत डोकावते आणि बघणाऱ्याला कळतं. छेद जुन्या व्रणावरूनच घ्यायचा, नवी खूण नको. माझी कातडी आता पातळ, त्यामुळे स्नायूच्या वर ठेवलं तर ताटलीसारखी कड दिसेल; स्नायूच्या खाली ठेवलं तर झाकली जाईल, पण हाताला जोर लावला की जागच्या जागी हलेल. मग गोल घ्यायचं की थेंबाच्या आकाराचं? गोल वरून भरलेलं दिसतं, थेंब खाली उतरतो. मी म्हटलं थेंबच, माझ्या वयाला वरून भरलेलं काही शोभत नाही. त्यावर तो म्हणाला, मग उजवी थोडी वर उचलून घेऊ या, जोडी जमेल. उजवीने इतकी वर्षं निमूट साथ केली आहे, तिला आता या भानगडीत ओढायचं नाही, असं मी ठणकावून सांगितलं. पण त्याचंही खरंच होतं म्हणा. एक थकून बसलेली आणि एक ताठ उभी, म्हणजे एकाच बाकावर आजी आणि नात बसवल्यासारखं.

"बरं, कितीचं हवं?" त्याने विचारलं.

"होतं तेवढं."

"किती होतं?"

आता बघ, धाकटे. दुकानादुकानांतली वजनं मी तपासली, पेट्रोल पंपांना टाळं ठोकलं, आणि स्वतःचं माप मला ठाऊक नाही! (काढलेल्या भागाचं वजन रिपोर्टात होतं, पण त्यात काखेतलंही धरलेलं. ठोक माप. असल्या मापाला मी दंड केला असता.) माझी पंचाईत बघून तो म्हणाला, घरी वापरून बघायचा एक नमुना देतो, घालून वावरा, मग ठरवा.

नमुना घेऊन एक परिचारिका आली. वय माझ्याएवढं, पायात मऊ सपाता, आवाज त्याहून मऊ. ती खोलीत कधी आली ते मला कळलं नाही, आणि मला न कळता सहसा कुणी खोलीत येत नाही. तिने कापडी पिशवीतून मेणाच्या रंगाची एक वस्तू काढली आणि दोन्ही हातांनी माझ्या ओंजळीत ठेवली, झोपलेलं मूल देतात तशी.

मी म्हटलं, "वेगवेगळ्या मापांचे दोन-चार द्या की. तुलना करते."

"एकच आहे, ताई. सगळ्यांना हाच देतो."

"सगळ्यांना? मग येतो कुणाला?"

"प्रत्येकीला."

एखाद्या दुकानदाराने मला असं उत्तर दिलं असतं तर मी त्याचा काटा जप्त केला असता. पण मी दुसऱ्यांच्या हद्दीत होते, आणि वस्तू माझ्या ओंजळीत कोमट होत चालली होती. मी तिला पिशवीत घातली आणि घरी आले.

आल्या आल्या वजन केलं. नमुन्याच्या पाठीवर जे माप छापलं होतं ते काट्यावर बरोबर भरलं, मी समाधान पावले, आणि नमुना पट्ट्यात बसवून घरभर हिंडले. खांदा सरळ झाला. कोट गप्प बसला. दुसऱ्या सकाळी पुन्हा वजन केलं (एकदा मोजून विश्वास ठेवणारी मी नव्हे), तर जास्त भरलं. काटा बिघडला असेल म्हणून निवृत्तीच्या वेळी खात्याने दिलेली पितळी प्रमाणित वजनं कपाटातून काढली. काटा खरा होता. नमुनाच जड झाला होता. तुझे भावोजी हवामान खात्यातून निवृत्त झालेत, त्यामुळे जगातल्या कोणत्याही घटनेला त्यांच्याकडे एकच कारण असतं.

"दमट हवा," पेपरातून डोकं वर न काढता ते म्हणाले. "ओढून घेतलं असेल पाणी."

"ते मीठ ओढून घेतं. हे सिलिकॉन आहे."

"अगं, पण सिलिकॉनसुद्धा हवा दमट असली की..."

"तुम्ही पेपर वाचा."

वजन रोज थोडं थोडं वाढत गेलं, आणि मग एके सकाळी थांबलं. का थांबलं, याची मला एक शंका आली, आणि शंका आली की मी ती तपासते. स्वयंपाकघराचं दार लोटलं, काटा ओट्यावर घेतला, त्यावर स्वच्छ रुमाल अंथरला, रुमालाचं वजन वजा केलं, आणि वाकून उजवी काट्यावर टेकवली. (पद्धत शास्त्रशुद्ध नाही हे मला कळतं. पण दर वेळी वाकायचा कोन तोच ठेवला.) नेमके तेव्हाच तुझे भावोजी रिकामा कप घेऊन आत आले.

"काय चाललंय?"

"वजन."

"बरं," म्हणाले, आणि आल्या पावली परत गेले. त्या दिवशी चहा त्यांनी कोपऱ्यावरच्या हॉटेलात घेतला.

उजवीचं वजन आणि नमुन्याचं वजन ग्रॅमला ग्रॅम सारखं होतं.

मी घाबरले असेन असं तुला वाटेल. खरं सांगू? मला बरं वाटलं. इतका प्रामाणिक माल नोकरीत मला कधी भेटला नव्हता. काढून ठेवायची वेळ आली की मी त्याला रुमालांच्या खणात ठेवत असे, आणि सकाळी वरचे रुमाल नुकतीच इस्त्री फिरवल्यासारखे कोमट लागत. टेबलावर ठेवून मी समोर बसले की माझ्या श्वासाबरोबर तोही वर-खाली होई. अगदी किंचित, पाण्यावरचं पान हलावं तसा. एकदा परीक्षा घ्यावी म्हणून मी श्वास रोखून धरला. तोही थांबला. आम्ही दोघं बराच वेळ एकमेकांकडे बघत राहिलो, आणि धाकटे, माझ्याआधी त्याने सोडला. मी जिंकले, पण मला जिंकल्यासारखं वाटलं नाही. मग मात्र मी क्लिनिकमध्ये फोन केला. ती परिचारिकाच बोलत होती. मी सगळं क्रमवार सांगितलं. "ओळख झाली म्हणायची," ती म्हणाली. मी विचारलं, कुणाची, कुणाशी? तिने फोन ठेवला. (माणसं माझे फोन का ठेवतात, मला कळत नाही.)

आता पुढचं नीट वाच. एके सकाळी वजन जुळेना. उजवी होती तेवढीच, पण नमुना हलका भरला. श्वासही जुळेना. मी स्वस्थ बसलेले असताना तो भराभर वर-खाली होत होता, दुखऱ्या गुडघ्यांनी कुणी जिना चढत असावं तसा. मी त्याला उचलून खिडकीशी नेला. वरच्या अंगाला एक सुरकुतलेली चंद्रकोर उमटली होती, नखाच्या कोरीएवढी. तुझ्या भावोजींना दाखवली, तर ते म्हणाले घडी पडली असेल, दमट हवेत पडतात. मी वाद घातला नाही. तू चिमुरडी होतीस तेव्हा उकळतं दूध अंगावर ओढून घेतलं होतंस आणि छातीवर डावीकडे तुला अशीच चंद्रकोर राहिली. ती तुला, मला आणि आईला, तिघींनाच माहीत, आणि आई गेली. (लग्न केलं असतंस तर हा आकडा बदलला असता, पण तो विषय निराळा.)

त्या चंद्रकोरीच्या खाली बोट ठेवलं, तर दाणा लागला. डाळिंबाचा असतो एवढा. माझ्या गाठीची बोटांना अजून ओळख आहे, धाकटे. बिनघोर गाठ पुष्कळदा बोटाखालून पळते, गादीच्या कापसात सरकी पळावी तशी. माझी पळत नव्हती. ही पळत नव्हती.

आधी वाटलं, हे माझ्याच उजवीचं दुखणं दाखवतोय. त्याच दिवशी जाऊन उजवी तपासून घेतली. सगळे फोटो निघाले, रिपोर्ट आला, उजवी निर्मळ आहे. मग नमुना घेऊन सर्जनकडे गेले. त्याने दाबून पाहिला, उजेडात धरला, त्यांच्या काट्यावर ठेवला. वजन छापलेलं तेवढंच, कोर नाही, दाणा नाही. "मॅडम, मोठ्या आजारातून उठलाय तुम्ही," तो फार मायेने म्हणाला, आणि मायेने बोलणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही, ही आपल्या कायद्यातली मोठी उणीव आहे. मी बोट लावलं तर दाणा तिथेच होता. परिचारिका दाराशी उभी होती. मी बाहेर पडताना ती खालच्या आवाजात म्हणाली, "कधी कधी तो रक्ताच्या दुसऱ्या कुणाचं माप घेतो, ताई."

"मग तुम्ही काय करता?"

"आम्ही काय करणार? ज्यांच्या घरी तो जातो, त्या करतात."

असो. नमुना मी परत केला. सर्जनला माप सांगितलं: उजवीएवढं, थेंबाच्या आकाराचं, छेद जुन्या व्रणावरून, स्नायूच्या खाली, आणि उजवीला कुणी हात लावायचा नाही. आजी आणि नात नको, दोन म्हाताऱ्या मैत्रिणी बसल्यासारख्या दिसल्या पाहिजेत, एक जरा पाठ ताठ ठेवून बसणारी असली तरी चालेल. त्याने ते लिहून घेतलं. तारीखही ठरली. पण ती एका गोष्टीसाठी मी पुढे ढकलायला लावली आहे, ते खाली लिहिते.

कुंड्यांना पाणी, पोपटाला दम, आणि तुला वर लिहिले तेच आशीर्वाद पुन्हा एकदा, कारण पहिले तू अजून घेतलेले नसणार.

तुझी,
थोरली

ता. क. ऑपरेशननंतर काही आठवडे मला डावा हात वर नेता येणार नाही, आणि या कुरळ्या केसांतून कंगवा ओढायला दोन हात लागतात. तुझ्या भावोजींनी एकदा प्रयत्न केला, तर कंगव्याचे दात गेले. तेव्हा तू राहायला ये. याच कामासाठी बोलावते आहे, दुसरं काही मनात आणू नकोस.

ता. क. दुसरा. मनात आण. तुझ्या तपासणीबद्दल अवाक्षर काढणार नाही असा शब्द दिला होता, तो मोडते. माझी तपासणी ज्यांनी केली त्या डॉक्टरीणबाईंकडे तुझं नाव घातलं आहे. तुझं होईपर्यंत माझं ऑपरेशन होणार नाही. मी एका बाजूने कलत हिंडेन, त्याचं पाप तुला. वर लिहिलेलं खरं वाटत नसेल तर सगळं खोटं धर. म्हातारीला औषधांनी भास झाले, काट्याने दगा दिला, हवा दमट होती, तुला सोसेल ते धर. फक्त ये.

ता. क. तिसरा. नमुना परत केला असं वर लिहिलं आहे, ते खरं नाही. पंख्याने पानं उडू नयेत म्हणून तो या पत्रावरच ठेवला आहे. पहिलं पान लिहिताना दाणा होता, त्याहून आत्ता मोठा लागतो. म्हणून पोस्टावर भरवसा न ठेवता हे पत्र तुझ्या भावोजींच्या हाती देते आहे. हे वाचतेस तेव्हा ते तुझ्या बाहेरच्या खोलीत पोपटासमोर अवघडून बसले असतील. पत्रात काय आहे ते त्यांना ठाऊक नाही. तुला घेतल्याशिवाय परतायचं नाही, एवढंच ठाऊक आहे. आता आत जा, दार लाव, आणि चंद्रकोरीच्या खाली तीन बोटं ठेवून दाबून बघ. काही लागलं नाही तर बाहेर येऊन त्यांना चहा दे, मला वेडी म्हण, आणि उद्या सकाळी निघा. लागलं तर चहा ठेवू नकोस.